कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये काय लावावं? (कोल्हापूर, मृगाच्या आधी ठरवायचंय)

गैरहजर_सचिव | ६ मे

राम राम मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आता अडचण आली म्हणून पहिला धागा काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

आमची कॉलनी कळंबा रोडला. एकोणचाळीस बंगले, दोन अपार्टमेंट आणि मधोमध अकरा गुंठ्यांची ओपन स्पेस. लेआउट पडला तेव्हापासून ती आहे तशीच आहे. एका कोपऱ्यात गणपतीचं देऊळ, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाच्यातरी बांधकामाची उरलेली खडी, मध्ये गाजरगवत आणि संध्याकाळी पोरांचा फुटबॉल. यंदा रहिवासी संघाची नवी कमिटी झाली. मी सचिव आहे, कारण त्या मीटिंगला मी गैरहजर होतो. वर्गणी जमली दोन लाख चाळीस हजार.

एका ठेकेदाराचं कोटेशन आलंय दोन लाख पस्तीस हजारांचं (वर्गणीचा आकडा त्याला कुणी सांगितला ते शोधतोय). त्यात लाल माती, मेक्सिकन लॉन, बारा बॉटल पाम, कडेनं पिवळा डुरांटा (कुंपणाचं शोभेचं झुडूप), एक कारंजं आणि कॉलनीच्या नावाचा 'आय लव्ह' बोर्ड. निम्मी कमिटी यावर खूश आहे. उरलेले म्हणतात देशी झाडंच लावा. दोघाजणांना तिथं गाड्या लावायच्यात, पण ते उघड बोलत नाहीत.

प्रश्न साधा आहे. अकरा गुंठ्यांत नेमकं काय लावावं, आणि ७ जूनच्या आत काय उरकावं? मी बँकेतून रिटायर झालोय. झाडातलं मला एवढंच कळतं की खाली सावली पडते.

तांबडा_पांढरा | ६ मे

पहिला!

बोर्ड लावाच. आमच्या चौकातल्या बोर्डाचा बदाम दुसऱ्या महिन्यात विझला. आता रात्री नुसतं 'आय' आणि पुढं गल्लीचं नाव दिसतं. वाचताना गल्लीला शिवी दिल्यासारखं वाटतं.

माळरान | ६ मे

सचिवसाहेब, काय लावायचं ते नंतर बघू. आधी एक सांगा, मार्च ते मे पाणी कोण घालणार आणि कुठलं?

हिशोब बघा. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला दिवसाला निदान पाच लिटर पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर. देऊळ, वाट वगळून दहा गुंठे लॉन धरलं तर रोजचे ५००० लिटर. रोज एक छोटा टँकर, तोही ज्या महिन्यात घरच्या नळाला पाणी कमी दाबानं येतं त्याच महिन्यात.

आता झाडं. चाळीस रोपं, प्रत्येकाला वीस लिटर, आठवड्यातून दोनदा. आठवड्याचे १६०० लिटर. लॉनच्या एका दिवसाच्या पाण्यात तुमची चाळीस झाडं तीन आठवडे जगतात, आणि दोन-तीन उन्हाळे निघाले की बहुतेकांना पाणी घालावंच लागत नाही. लॉनला जन्मभर घालायचं.

पाणी कोण घालणार याचं उत्तर मिळालं की काय लावायचं ते आपोआप ठरतं. रोपं आणायच्या आधी उत्तर नसेल, तर खड्डे तेवढे पुढच्या वर्षी वृक्षारोपणाला परत उपयोगी पडतील.

पुणेकर_नाईलाजाने | ६ मे

आमच्या सोसायटीत ऑटोमॅटिक स्प्रिंकलर आहेत. एसटीपीचं (शुद्ध केलेलं सांड)पाणी वापरतो. गाजरगवताचं एक पातं सापडणार नाही.

तांबडा_पांढरा | ६ मे

गाजरगवत १९५५-५६ च्या सुमाराला देशात पहिल्यांदा पुण्यातच नोंदलं गेलं. ते आमच्याकडं पाठवून दिल्यावर तुमच्याकडं कसं सापडंल?

पुणेकर_नाईलाजाने | ६ मे

ते अमेरिकेतून आलं होतं. आम्ही फक्त पाहुणचार केला. (हलके घ्या.)

देवराई | ७ मे

माळरान यांच्याशी १००% सहमत. थोडी भर घालतो.

बॉटल पामखाली सावली नाही, त्यावर पाखरू बसत नाही. खांब रोवून त्याला पाणी घातल्यासारखं आहे. मेक्सिकन लॉनचंही तेच, त्यावर फुलपाखराला काही काम नाही. आपल्या हवेत आपोआप येणारी इतकी देखणी झाडं असताना हे कशाला? बहावा घ्या, एप्रिल-मेमध्ये पानं झडून नुसता सोन्याचा घड होतो. ताम्हण घ्या, आपलं राज्यपुष्प, त्याच दिवसांत जांभळं फुलतं. दोन्ही शेजारी शेजारी लावले तर पिवळा-जांभळा रंग उधळल्यासारखं दिसेल. कायम सावलीला करंज आणि कडुनिंब. वासाला बकुळ, पण ती नातवंडांसाठी लावायची, वाढायला फार वेळ घेते. कांचन, आपटा लहान जागेत बसतात. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडायचं निदान तुमच्या कॉलनीत तरी बंद होईल.

एक जांभूळ लावा, पण वाटेवर आणि गाड्यांच्या जागी नको. उंबर, वड, पिंपळ कंपाउंड आणि ड्रेनेजजवळ अजिबात नको. पाखरांना उंबरासारखं सुख नाही हे खरं, पण मुळं दोन वर्षांत चेंबरमध्ये शिरतात आणि मग सगळी कॉलनी झाडाच्या नावानं बोटं मोडते.

सप्तपर्णीही टाळा. झाड देशी आहे, पण दिवाळीच्या आगेमागे ती फुलली की निम्मे लोक वास उग्र म्हणून खिडक्या लावून घेतात.

शाहूपुरीचा_पाटील | ७ मे

देशी देशी लई झालं. आमच्या दारात गुलमोहर होता, बाबांनी लावलेला. तिसऱ्या वर्षी सावली, पाचव्या वर्षी सगळी गल्ली लालभडक. आम्ही त्याच्या शेंगांच्या तलवारी करून लढलो. तुमचा तो बकुळ काय करतोय एवढ्यात?

देवराई | ७ मे

गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर आणि रेनट्री दक्षिण अमेरिकेचे. दिसायला सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. तुमचा 'होता' म्हणालात. कुठं गेला?

शाहूपुरीचा_पाटील | ७ मे

वळवात पडला.

शेजारच्यांच्या मारुतीवर.

तांबडा_पांढरा | ७ मे

विषय हार्ड.

राजारामपुरीची_काकू | ७ मे

मी सांगतो ते ऐका. झाडं कुठली लावायची ते पुरुष मंडळी भांडून ठरवतीलच. आमच्या कॉलनीत बाग झाली, छान झाली, पण पहिल्या वर्षी एकही बाई संध्याकाळी सातनंतर तिथं गेली नाही. कारण ट्रॅकच्या दोन्ही कडांना छातीएवढं कुंपणझाड आणि दिवा एकच, तोही देवळावर. पलीकडं कोण बसलंय ते दिसायचं नाही. मग आम्ही बायकांनीच मीटिंगला जाऊन ते कुंपण गुडघ्यापर्यंत छाटायला लावलं. आता मी रोज आठ फेऱ्या मारतो.

आणि बाकं गोल मांडा, सरळ रेषेत नको. सरळ रेषेत बसल्यावर पाचवीचं बोलणं पहिलीला ऐकू येत नाही.

पुणेकर_नाईलाजाने | ७ मे

अवांतर: काकू 'मी सांगतो', 'मी मारतो' असं का लिहिताय? आयडी नवऱ्याचा आहे का?

राजारामपुरीची_काकू | ७ मे

कोल्हापुरात बायका असंच बोलतात. मी करतो, मी जातो, मी आलो. तुमच्या पुण्यात नवऱ्याचा आयडी बायका चालवत असतील, इथं उलटं आहे.

गैरहजर_सचिव | ७ मे

काकू, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. कमिटीत अकराच्या अकरा पुरुष आहेत. नोंद घेतली.

हिरवा_ठेकेदार | ८ मे

धागा वाचून राहवलं नाही. मी हाच व्यवसाय करतो. (सचिवांचं कोटेशन माझं नाही. वर्गणीचा आकडा मलाही कळला नव्हता.)

सगळे ठेकेदार लुटायला बसलेत असा सूर दिसतोय. आमची बाजू ऐका. कॉलनीवाले येतात आणि म्हणतात पंधरा दिवसांनी उद्घाटन आहे, पाहुणे येणार आहेत. दीड फुटाचा बहावा फोटोत दिसत नाही हो. लॉन अंथरलं की संध्याकाळी सगळं हिरवं. लोक हिरवा फोटो विकत घेतात, मी तोच विकतो. देशी झाडांचा प्लॅन मी आजवर तीन ठिकाणी दाखवला, तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न, 'मग आत्ता काय दिसणार?'

कोटेशनमध्ये मात्र दोन गोष्टी तपासा. 'लाल माती' किती ब्रास आणि कुठली ते लिहून घ्या. आपल्याकडं ती पश्चिमेच्या डोंगरांकडून येते. जांभ्याची माती, रंग झकास, कस कमी. शेणखत न मिसळता ओतली तर तुम्ही रंगाचे पैसे देताय. आणि देखभाल किती महिने? बहुतेक कोटेशनांत तीन महिने असते, जूनला सुरू, सप्टेंबरला संपते. म्हणजे पाऊस देखभाल करतो आणि बिल आम्ही लावतो. आता हे मीच लिहिलं म्हटल्यावर माझ्या धंद्याचं कल्याणच.

माळरान | ८ मे

ठेकेदार साहेब, टोपी काढली.

मुरूमखोदू | ८ मे

आमची कॉलनीही त्याच अंगाला. दोन फुटांखाली मुरूम लागतो. म्हणून काही अनुभवाचे बोल.

खड्डे आत्ताच काढा, मे संपायच्या आत. तीन बाय तीन बाय तीन फुटी. उन्हात तापू द्या. वर निघालेली माती आणि मुरूम वेगळे ठेवा, मुरूम परत आत ढकलू नका. मातीत निम्म्याला निम्मं नको, पण तिसरा हिस्सा तरी चांगलं कुजलेलं शेणखत. कच्चं घातलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि गाजरगवताचं बी फुकट मिळतं. मुरमात खड्डा म्हणजे बादली, तळाला पाणी साठून मुळं कुजतात. आमची पहिल्या वर्षीची नऊ रोपं ऑगस्टात गेली. पाण्याअभावी नव्हे, पाण्यात बुडून. मग तळाला पहारीनं भोकं पाडली.

रोप घेताना पिशवीचा तळ बघा. मुळं आत गोल गोल फिरली असतील तर घेऊ नका. आणि कृपा करून पिशवी काढून लावा! हे लिहावं लागतंय, कारण आमच्याकडं एका मान्यवरांनी पिशवीसकट लावलं होतं, फोटोसकट.

उन्हाळ्यात आळ्यात उसाचं पाचट पसरा, चार बोटं जाड. पाणी निम्म्यावर येतं. आपल्याकडं पाचटाला काय तोटा, लोक शेतात पेटवून देतात.

शाहूपुरीचा_पाटील | ८ मे

पाचट घातलं की वाळवी लागते. मुरमात तर हमखास.

मुरूमखोदू | ८ मे

खोडाला टेकवलं तर लागते. वीतभर लांब ठेवा, खाली मूठभर निंबोळी पेंड टाका. आमच्याकडं तीन वर्षांत एक झाड गेलं वाळवीनं.

उसाचा_फड | ८ मे

आणि मे महिन्यात पाचट कुठनं आणणार? कारखान्यांचा हंगाम संपला, पेटवायचं ते पेटवून झालं. डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ट्रॉली भरून नेता म्हटल्यावर चहा पाजंल.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), जीवामृत हे घरगुती पातळ खत पण करा. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, दोनशे लिटर पाणी.

तांबडा_पांढरा | ८ मे

कोल्हापूरचा गूळ आणि बेसन? झाडाला घालायच्या आधी निम्म्याचे लाडू करा.

पूररेषेखालचा | ९ मे

तुम्ही वरच्या अंगाची माणसं. आमच्याकडं २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत दोनदा बाग पाण्याखाली गेली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की आम्ही बाग विसरून गॅस सिलिंडर माळ्यावर चढवतो. २०१९ ला नवंकोरं लॉन होतं, पाणी ओसरल्यावर त्यावर गाळाचा थर. उकरून टाकायचा खर्च लॉनपेक्षा जास्त आला. पाम आडवे. उभं राहिलं ते करंज, अर्जुन आणि जांभूळ. चिखलात माखलेले, पण दिवाळीपर्यंत नवी पालवी. त्यानंतर आम्ही परत लॉनचं नाव काढलं नाही. सचिवांना हे लागू नाही, पण धागा नंतर वाचणारा कुणी नदीकडचा असेल म्हणून लिहून ठेवतो.

पॅकेज_समर्थक | ९ मे

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तांबडा_पांढरा | ९ मे

वर काय होतं? मी जेवायला गेलो आणि कायतरी भारी हुकलं.

गैरहजर_सचिव | ९ मे

काही नाही, आमच्याच कमिटीतले एक सदस्य होते. धागा सापडला त्यांना. फोनवर बोलणं झालं, पाऊण तास.

नियमावली | ९ मे

ओपन स्पेस म्हणजे बिल्डरनं उपकार म्हणून सोडलेली जागा नव्हे. एक एकराच्या आसपास किंवा मोठा लेआउट असला की दहा टक्के जागा खुली ठेवावीच लागते, ती सगळ्या रहिवाशांच्या वापरासाठी असते. पार्किंगवाल्यांना हे वाचून दाखवा.

दुसरं, तिथं आधीपासून झाड असेल तर ते 'मध्ये येतंय' म्हणून परस्पर तोडू नका, मोठी छाटणीही नको. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

तिसरं, ट्रॅकला पेव्हर बसवताना झाडाच्या बुंध्यापर्यंत नेऊ नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्याकडं आधी झाड लावतात, मग त्याचा गळा आवळून 'कट्टा' बांधतात.

पेठेतला_दहा_नंबर | १० मे

सगळे मोठे लोक बोललेत. मी अकरावीत आहे, त्याच कॉलनीत राहतो. आम्ही रोज तिथं फुटबॉल खेळतो. लॉन झालं की 'गवतावर पाय ठेवू नये', झाडं झाली की 'रोपं मोडतील'. आम्ही कुठं जायचं? कुणी विचारलंय का?

राजारामपुरीची_काकू | १० मे

हे लेकरू बरोबर बोललं बघा. कोल्हापुरात फुटबॉलची जागा काढून बाग करणार? पेठांतल्या लोकांना कळलं तर मोर्चा येईल.

माळरान | १० मे

दहा नंबर, माझ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तूच आहेस. रोज संध्याकाळी तिथं हजर असणारी माणसं कॉलनीत फक्त तुम्हीच आहात. कमिटीला सांग, मधली जागा मोकळी ठेवा, झाडं कडेनं लावा, पाणी आम्ही घालतो. सौदा कर.

म्हैसमालक | १० मे

एक राहिलं. ट्री गार्ड मजबूत घ्या. आमच्या म्हशी चांगल्या आहेत पण त्यांना देशी-विदेशी कळत नाही.

गैरहजर_सचिव | २१ जून

उशिरा लिहितोय, माफ करा. कमिटीच्या चार मीटिंगा झाल्या. एका मीटिंगला वीस मिनिटं बाग आणि दीड तास पार्किंग.

ठरलं ते असं. लॉन, पाम आणि कारंजं रद्द. देवळासमोर दोन गुंठे साधी हरळी, तिला पाणी पावसाचंच. मधला तुकडा पोरांना. कडेनं बत्तीस झाडं: बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब, कांचन, आपटा आणि हट्टानं एक बकुळ. वायरीखालच्या बाजूला फक्त कांचन आणि आपटा, नाहीतर दर मेमध्ये वीजवाले येऊन झाडाची दाढी करून जातात. दोन अपार्टमेंटच्या गच्चीचं पाणी टाकीत घेतलंय. आपल्याकडं वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सत्तर-ऐंशी हजार लिटर, हा हिशोब मीटिंगमध्ये फळ्यावर मांडल्यावर एकदम शांतता झाली. टाकी दहा हजारांचीच आहे, पण सुरुवात. दिवे चार, बाकं गोल. 'आय लव्ह' बोर्ड मात्र एका मताच्या फरकानं मंजूर झाला. मी विरोधात होतो.

कमिटीत आता तीन महिला आहेत. पुढच्या मीटिंगला मी मुद्दाम गैरहजर राहणार आहे, बघू कोण सचिव होतं.

पोरांनी पाण्याची जबाबदारी घेतली, एका अटीवर. उत्तरेकडच्या दोन ताम्हणांतलं अंतर त्यांनी टेप लावून मोजलं, चोवीस फूट. गोलपोस्टचं माप तेवढंच असतं म्हणे.

देवराई | २१ जून

ताम्हणाचा गोलपोस्ट! जिंकलंत.

हिरवा_ठेकेदार | २२ जून

बोर्डाचं काम कुणाला दिलं?

गैरहजर_सचिव | १४ एप्रिल

काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून धागा वर काढतोय. पहिला उन्हाळा अर्धा झाला. बत्तीसपैकी सव्वीस जिवंत. तीन पावसात बुडून गेली (मुरूमखोदूंचं ऐकलं होतं, पण जेसीबीवाल्यानं तीन खड्ड्यांत भोकं पाडलीच नाहीत), दोन म्हशीनं खाल्ली. पाचट जानेवारीत आणलं, शेतकऱ्यानं खरंच चहा पाजला. गच्चीचं पाणी फेब्रुवारीतच संपलं, आता आठवड्याला एक टँकर घेतो. परीक्षांच्या काळात पोरांची पाळी बायकांनी घेतली. बोर्डाचा बदाम अजून चालू आहे.

माळरान | १४ एप्रिल

सव्वीस म्हणजे फार चांगलं. पण तीन आणि दोन पाच झाले. सहावं?

पेठेतला_दहा_नंबर | १४ एप्रिल

डावा गोलपोस्ट. फ्री किक होती.

राजारामपुरीची_काकू | १४ एप्रिल

गोल झाला का?

पेठेतला_दहा_नंबर | १४ एप्रिल

नाही. पोस्टला लागून बाहेर गेला.